मोकळा उडणारा पोपट आणि घरातले कुत्रा-मांजर: एका छताखाली सांभाळण्याची रीत

ज्या घरात आधीपासून कुत्रा किंवा मांजर आहे, त्या घरात पोपट आणून त्याला मोकळेपणाने उडू द्यायचे असेल, तर पहिल्याच दिवशी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते: या प्राण्यांची आपसांत मैत्री जमवणे हे आपले काम नाही. कुत्र्याच्या पाठीवर बसलेल्या पोपटाची चित्रफीत मोबाइलवर सगळ्यांनीच पाहिलेली असते आणि तिच्या मोहात पडून अनेक जण पक्षी घरी आणतात. परंतु वर्षभर शहाण्यासारखे वागलेले मांजरसुद्धा पंखांची अचानक फडफड झाली की झेप घेते, आणि ती झेप घेण्यापूर्वी ते विचार करत नाही. म्हणून पोपटाचा जीव कुत्र्याच्या चांगुलपणावर किंवा मांजराच्या सवयीवर सोडता येत नाही. तो बंद दारांवर, ठरलेल्या वेळांवर आणि घरातल्या माणसांच्या शिस्तीवर सोपवावा लागतो. इंदूरमधली घरे, इथला उन्हाळा आणि इथले सणवार डोळ्यांपुढे ठेवून ही रीत लिहिली आहे.

पक्षी आणण्यापूर्वी कायदा पाहावा. आपल्या झाडांवर दिसणारा हिरवा कीर, त्याहून मोठा करण पोपट, ज्याला इथले विक्रेते ‘पहाडी तोता’ म्हणतात, आणि जांभळट लाल डोक्याचा तुईया हे सगळे देशी पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, मग घरात मिठू पाळण्याची परंपरा पणजोबांपासूनची का असेना. घरट्यातून पडलेले पिल्लू सापडल्यास ते वनविभागाच्या हवाली करावे. पाळायचा तो परदेशी वंशाचा, माणसाच्या हाताखाली वाढलेला पक्षी. त्यांपैकी कोन्यूर, मकाव, आफ्रिकन ग्रे यांसारख्या पक्ष्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. बजी, कॉकटील (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) आणि पीचफेस लवबर्ड यांना ती लागत नाही. विक्रेत्याकडून पावती मात्र प्रत्येक वेळी मागून घ्यावी.

कुत्रा-मांजर असलेल्या घरात पहिला पोपट म्हणून कॉकटील किंवा लहान कोन्यूर निवडावा, असे माझे मत आहे. बजी इतका चिमुकला आणि चपळ असतो की कुत्र्याला तो खेळण्यासारखा वाटतो, आणि मकावाची चोच कुत्र्याच्या नाकाची गंभीर जखम करू शकते. घरातल्या कुत्र्याने पूर्वी खार, कबूतर किंवा उंदीर मारला असेल, तर पोपट आणूच नये. हे कोणाला कठोर वाटेल, पण ज्याला शिकारीची चव कळली आहे त्या कुत्र्याजवळ मोकळा पक्षी सुरक्षित ठेवण्याचा कोणताही उपाय मला माहीत नाही.

पंख कापण्याविषयी आधीच बोलले पाहिजे, कारण विक्रेता हमखास तो सल्ला देतो. पंख कापलेला पक्षी निसटत नाही हेही पूर्णपणे खरे नाही. वाऱ्याच्या झोताने तोही गच्चीवरून बराच दूर जातो. मुख्य म्हणजे असा पक्षी घाबरला की वर जाण्याऐवजी घसरत जमिनीवर उतरतो, आणि जमिनीवर कुत्रा असतो. ज्या घरात दुसरे प्राणी आहेत, तिथे उडता येणे हेच पोपटाचे संरक्षण आहे. त्याचे पंख शाबूत ठेवावेत आणि घर त्या पंखांच्या हिशेबाने तयार करावे.

घराची तयारी

इंदूरच्या घरात सर्वांत मोठा धोका छताच्या पंख्याचा आहे. मार्च उजाडला की पंखे जे सुरू होतात ते दिवाळीपर्यंत थांबत नाहीत, आणि मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर गेल्यावर ‘पंखा बंद ठेवा’ असे नुसते सांगून भागत नाही. म्हणून उडण्यासाठी एकच खोली नेमून द्यावी. त्या खोलीतला छताचा पंखा काढून टाकावा किंवा त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावावी आणि गारव्यासाठी जाळीबंद कूलर ठेवावा. कूलरच्या पात्यांपुढची जाळी इतकी बारीक असावी की कॉकटीलचे डोके त्यातून आत जाऊ नये. पंखा नुकताच बंद केला असेल, तर पाती पूर्ण थांबेपर्यंत पिंजऱ्याचे दार उघडू नये. संथ फिरणारे पातेसुद्धा पक्ष्याचा पंख मोडते.

दुसरा धोका पाण्याचा आहे आणि तो आपल्या लक्षातच येत नाही. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे बहुतेक घरांत बादल्या, टब आणि ड्रम भरून ठेवलेले असतात. पोपट अशा गुळगुळीत काठावर बसतो, पाय घसरतो, पंख भिजतात आणि मग त्याला वर येता येत नाही. सर्व भांड्यांवर झाकण असावे, संडासाचे झाकण खाली असावे, माशांची टाकी वरून बंद असावी आणि कुत्र्याचे पाण्याचे भांडे त्या खोलीत नसावे.

खिडक्यांना चोरांसाठी बसवलेले गज पुरेसे नाहीत. आतून बारीक तारेची जाळी हवी. नायलॉनची डासांची जाळी मांजर नखाने फाडते आणि कोन्यूर चोचीने कुरतडतो. मोठा आरसा आणि मोठी काच सुरुवातीला कापडाने झाकावी, कारण काच ही अडचण आहे हे नव्या पक्ष्याला कळत नाही. पिंजऱ्यातून बाहेर काढून एकदा त्याला हातावर बसवून भिंती, पडदे, काच यांच्याजवळ न्यावे आणि त्यांना चोचीने स्पर्श करू द्यावा.

दार मात्र सर्वांत महत्त्वाचे. रामबागेतल्या जुन्या वाड्यांना ओसरी असते, माजघर असते. बाहेरचे दार उघडले तरी मध्ये एक खोली उरते. तिलकनगर किंवा लोकमान्यनगरातल्या फ्लॅटमध्ये दार उघडले की थेट जिना लागतो. अशा ठिकाणी दारामागे जाड पडदा लावावा आणि घंटा वाजल्यावर पक्षी पिंजऱ्यात जाईपर्यंत दार उघडायचे नाही हा नियम करावा. घरकामाला येणाऱ्या बाई, दूध आणणारे काका, शाळेतून येणारी मुले या सर्वांना हा नियम सांगितलेला असावा. माझ्या माहितीतले जितके पोपट हरवले, ते खिडकीतून फार थोडे गेले. बहुतेक जण दारातून माणसाच्या खांद्यावर बसून बाहेर गेले.

वेळांची वाटणी

दोन प्राणी एका घरात राहू शकतात, पण त्यांनी एकाच वेळी एका खोलीत मोकळे असण्याची गरज नसते. हे सूत्र धरले की निम्म्या अडचणी सुटतात. सकाळी घरातले कोणी कुत्र्याला फिरायला नेते, तीच पोपटाच्या उडण्याची पहिली वेळ ठरवावी. मांजर दुपारी ज्या खोलीत झोपते, तिचे दार बाहेरून लावून घ्यावे आणि कडी लागली की नाही हे हाताने ओढून पाहावे. संध्याकाळी पुन्हा एक फेरी. पोपटाला दहा ते बारा तासांची शांत, अंधारी झोप लागते, म्हणून दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात त्याचा पिंजरा झाकावा. कॉकटील रात्री अचानक घाबरून पिंजऱ्यात आपटू लागतात. पिंजऱ्याखालून मांजर गेले किंवा कुत्रा भुंकला, तरी हे होते. त्यामुळे रात्री पिंजऱ्याची खोली इतर प्राण्यांना बंद असावी आणि एक मंद दिवा लावलेला असावा.

पिंजरा भक्कम आणि जड पायाचा हवा, म्हणजे मांजराने उडी मारली तरी तो उलटणार नाही. कॉकटीलसाठी दोन तारांमधले अंतर दीड ते दोन सेंटिमीटर असावे. दाराला कुलूपवजा आकडा लावावा, कारण कोन्यूर साधी कडी स्वतःच उघडतात. पिंजरा छताच्या जवळ टांगण्यापेक्षा भिंतीला पाठ करून, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. पक्ष्याला पाठीमागून कोणी येत नाही हा दिलासा मिळतो.

पोपटाला काय शिकवावे

सर्वांत आधी हाकेला येणे. त्यासाठी त्याला सर्वांत आवडणारा खाऊ फक्त शिकवण्याच्या वेळीच द्यावा: कॉकटीलला राळ्याचे कणीस, कोन्यूरला सूर्यफुलाचे बी. उपाशी ठेवून शिकवू नये. जेवणाच्या थोडे आधी शिकवावे, इतकेच पुरे. दांडीवर बसलेल्या पक्ष्यासमोर वीतभर अंतरावर हात धरावा आणि तो पाऊल टाकून हातावर आला की खाऊ द्यावा. हळूहळू अंतर वाढवत नेले की एक दिवस तो पावलाऐवजी पंख वापरतो. पाच-दहा मिनिटांच्या वर शिकवू नये आणि तो कंटाळण्याआधी थांबावे.

हाकेसाठी शीळ वापरावी. ‘ये’ किंवा ‘इकडे’ हे शब्द कुत्र्याला शिकवलेले असतात, आणि पोपटाला बोलावले की कुत्राही धावत येतो. शिवाय पोपट माणसाचा आवाज उचलतो आणि काही महिन्यांत स्वतःच कुत्र्याला नाव घेऊन बोलावू लागतो. ऐकायला गोड वाटते, पण बंद दारापलीकडचा कुत्रा त्या हाकेने दाराशी येऊन उभा राहतो, हे ध्यानात ठेवावे.

वरून खाली उडत येणे पोपटाला अवघड जाते. नवशिका पक्षी पडद्याच्या दांडीवर जाऊन बसतो, शीळ ऐकतो, मान वाकडी करून पाहतो आणि तिथेच बसून राहतो. तो हट्टी झालेला नसतो; त्याला उतरायचे कसे हे कळत नसते. स्टूलच्या उंचीवरून, मग कपाटाच्या उंचीवरून हातावर उतरण्याचा वेगळा सराव द्यावा. आणि जमिनीवर त्याला काहीही खायला देऊ नये. ऑस्ट्रेलियातल्या माळरानावर कॉकटील जमिनीवरचे बी टिपूनच पोट भरतो, त्यामुळे फरशीवर उतरून चालण्याची त्याला मुळातच हौस असते. कुत्रा-मांजर असलेल्या घरात ही हौस पुरवता येत नाही. चालायचे असेल तर टेबल आहे.

रोज सकाळी त्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर उभे करावे. कॉकटीलचे वजन साधारण 80 ते 110 ग्रॅम असते. आपल्या पक्ष्याचे नेहमीचे वजन वहीत लिहिलेले असावे. मांजराच्या सहवासाचा ताण पोपट आवाजाने सांगत नाही, तो कमी खातो किंवा स्वतःची पिसे उपटू लागतो. वजन दहाव्या हिश्श्याने घटले, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

कुत्रा

कुत्र्याची ओळख पिंजऱ्यातल्या पक्ष्यापासून सुरू होते. दोन माणसे हवीत: एकाच्या हातात कुत्र्याचा पट्टा, दुसरा पिंजऱ्यापाशी. कुत्र्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे करावे आणि तो काय करतो ते पाहावे. कुत्र्याचे तोंड उघडे आहे, शेपटी सैल आहे, तो पिंजऱ्याकडे पाहून पुन्हा मालकाकडे पाहतो, तर सगळे ठीक आहे. पण तो अचानक निश्चल झाला, तोंड मिटले, कान पुढे आले, पुढचा एक पाय किंचित उचलला गेला आणि नाव घेऊनही नजर हटली नाही, तर ती शिकारीची तयारी आहे, मग शेपटी हलत असली तरीही. त्या वेळी ओरडू नये. शांतपणे अंतर वाढवावे. पक्षी दिसला की ओरडा खावा लागतो, असे एकदा कुत्र्याच्या मनात बसले, की त्याचा राग पक्ष्यावर निघतो.

पक्ष्याकडून नजर काढून मालकाकडे पाहिले की खाऊ, एवढेच पहिले काही आठवडे शिकवावे. नंतर पक्षी हातावर, मग दांडीवर पंख झटकणारा, आणि सर्वांत शेवटी दोन हात उडणारा. या शेवटच्या पायरीवर बहुतेक कुत्र्यांचा संयम सुटतो, म्हणून ती पायरी गाठल्यावरही पट्टा सोडू नये. ज्या कुत्र्याला सतरंजीवर ‘बस’ म्हटल्यावर बसून राहता येते, त्यालाच पक्षी मोकळा असताना खोलीत येऊ द्यावे, आणि तेही माणूस समोर असताना. दार वाजले, फोन आला, दूध उतू जायला लागले, तर आधी पक्षी पिंजऱ्यात आणि मग बाकी सगळे.

लॅब्रेडॉर फार हळुवार धरतो, असे लोक सांगतात. पोपटाला आपल्यासारखा छाती आणि पोटामधला श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच हवा आत जाते. कुत्र्याच्या तोंडात एकही दात न लागता, नुसत्या दाबाने तो गुदमरतो. घरातल्या लहान मुलांनाही याच कारणासाठी पोपटाला मुठीत धरू देऊ नये.

उलट बाजूही आहे. पोपट धीट झाला की झोपलेल्या कुत्र्याच्या कानापाशी उतरतो आणि कान चावतो. तो गंमत करतो, पण कुत्रा दचकून तोंड फिरवतो तेव्हा त्याला समोर कोण आहे हे कळलेले नसते. पोपटाला कुत्र्याच्या अंगावर बसण्याची सवय लागू देऊ नये, फोटोसाठी तर कधीच नाही.

मांजर

मांजराबाबत पायऱ्या नाहीत. पक्षी मोकळा असेल, तर मांजर त्या खोलीत असता कामा नये. पिंजऱ्याकडे पाहत मांजराचा जबडा थरथरतो आणि बारीक कटकट आवाज येतो, शेपटीचे टोकच तेवढे हलते. हे दिसले की पिंजऱ्याच्या खोलीतही त्याला येऊ देऊ नये. गळ्यात घुंगरू बांधून उपयोग होत नाही, नखे कापल्याने जखम उथळ होते, धोका टळत नाही. मांजराच्या तोंडात आणि नखांवर पाश्चुरेला नावाचे जीवाणू असतात आणि ते पक्ष्याच्या रक्तात गेले की दिवस-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. म्हणून नुसता ओरखडा दिसला, रक्ताचा एकच थेंब दिसला, किंवा मांजराने तोंडात धरून लगेच सोडले आणि जखम दिसतच नाही, तरी त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू व्हायला हवे. ‘ठीक दिसतोय, उद्या बघू’ या वाक्याने फार पोपट गेले आहेत.

ससा किंवा गिनीपिग घरात असेल तर प्रश्न उलटा असतो. इथे चावणारा पोपटच. घरात दुसरा लहान पक्षी असेल तरीही तसेच: मोठा पोपट त्याच्या पिंजऱ्यावर उतरून तारांतून त्याची बोटे तोडतो, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावेत. नवा पक्षी आणल्यास तो निदान महिनाभर जुन्यापासून दूर ठेवावा.

हवा, धूर आणि सण

कुत्र्या-मांजरांवर पिसवा आणि गोचिडांसाठी जो फवारा मारतात किंवा मानेवर थेंब टाकतात, तो पोपटाच्या खोलीत कधीही वापरू नये. औषध लावल्यावर तो प्राणी पोपटाजवळ येणार नाही याची दक्षता घ्यावी. नॉनस्टिक तवा जास्त तापला की निघणारा वायू माणसाला जाणवत नाही, पण पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. पोळ्या, घावन, डोसे लोखंडी तव्यावर करावेत. धूप, कापूर, उदबत्ती आणि डासांची कॉइल पोपटाच्या खोलीत नको. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते तेव्हा राजवाडा, सराफा परिसरातली हवा गुलालाने भरलेली असते. त्या दिवशी खिडक्या बंद करून पक्षी आतल्या खोलीत ठेवावा. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचा, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीचा, आवाज आणि दिवाळीचे फटाके यांच्या रात्री पिंजऱ्याजवळ कोणीतरी झोपावे. शेव, फरसाण, चॉकलेट, कांदा, चहा आणि अ‍ॅव्होकाडो यांतले काहीही त्याच्या चोचीत जाऊ देऊ नये, आणि कुत्र्याच्या भांड्यातले उष्टे तर मुळीच नाही.

अपघात झाला तर

पक्षी जखमी झाल्यास त्याला पातळ टॉवेलात हलकेच घेऊन, छातीवर दाब न देता, भोके असलेल्या खोक्यात ठेवावे. खोका अंधारा आणि उबदार असावा. नख तुटून रक्त येत असेल तर मक्याचे पीठ दाबून धरावे. वाढत्या पिसाच्या देठात रक्त असते, आणि असे पीस मोडून रक्त थांबत नसेल तर ते स्वतः उपटण्याऐवजी डॉक्टरांकडे न्यावे. प्रत्येक पशुवैद्य पक्षी तपासत नाही, म्हणून पोपट आणण्यापूर्वीच पक्षी तपासणारे डॉक्टर शोधून त्यांचा नंबर फ्रिजवर चिकटवावा. इंदूरपासून सुमारे 25 किलोमीटरवर महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी पक्षी पाहतात, हेही आधीच विचारून ठेवावे.

पक्षी बाहेर उडून गेलाच, तर पहिले काम कुत्र्या-मांजरांना कोंडण्याचे, कारण थकलेला पोपट जवळपासच खाली उतरू शकतो. पिंजरा दार उघडे ठेवून गच्चीवर, कणसासह ठेवावा. घरात तो दुसऱ्या पोपटाचा आवाज ऐकत असेल तर त्या दुसऱ्या पोपटाचा पिंजराही, पक्की कडी लावून, शेजारी ठेवावा. शीळ वाजवत राहावी, पण पाठलाग करू नये आणि पाइपने पाणी उडवू नये. सूर्य मावळण्यापूर्वी त्याची बसण्याची जागा नीट पाहून ठेवावी; रात्री तो हलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच भुकेला होऊन बोलू लागतो. त्या वेळी झाडाखाली ओळखीचे माणूस, ओळखीची शीळ आणि हातात राळ्याचे कणीस हवे. परत आल्यावर त्याला वेगळ्या खोलीत ठेवून वजन करावे, अंगावर ओरखडा आहे का हे उजेडात पिसे बाजूला करून पाहावे, आणि तो काही दिवस पिंजऱ्याबाहेर येण्यास घाबरला तर त्याला वाटेल तेव्हाच येऊ द्यावे.